माकडराजापासून सुपरमॅनपर्यंत: जीन ल्युएन यांग यांची पुस्तकं, आमच्या घरातून

घरात दहा-बारा वर्षांचं मूल आहे, ग्राफिक नॉव्हेलखेरीज, म्हणजे चित्रांच्या चौकटींतून सांगितलेल्या कादंबऱ्यांखेरीज, ते कशाला हात लावत नाही आणि त्याची तुम्हाला काळजी वाटते, असं असेल तर जीन ल्युएन यांग या चिनी वंशाच्या अमेरिकी लेखकाची पुस्तकं घरी आणा. एकच आणून थांबू नका. चार-पाच आणा, आणि एकमेकांशी अजिबात न जुळणारी निवडा. गेल्या दीड वर्षात आमच्याकडे त्यांची वीसेक पुस्तकं येऊन गेली. बहुतेक वाचनालयातून, तीन विकत घेतलेली. मी लेकीच्या मागोमाग सगळी वाचली. त्यातली कुठली आधी घ्यावीत, कुठली थोडी थांबून द्यावीत, हे सांगायला हे लिहितोय.

आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतो. मी मूळचा साताऱ्याचा, सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. लेक सातवीत आहे. ती पाचवीत असताना तिच्या शाळेच्या वाचन-नोंदीतल्या तीन ओळींवर शिक्षिकेनं काट मारली होती. ग्राफिक नॉव्हेल वाचनात धरत नाहीत, असं कारण दिलं. लेकीनं मला विचारलं, "मग मी दोन आठवडे काय करत होते?" या प्रश्नाचं उत्तर मला त्या दिवशी देता आलं नाही. आमच्या घरीही 'चांदोबा' आणि 'किशोर' वाचून झाले की वडील म्हणायचे, आता चित्रं पुरे, अक्षरांचं काहीतरी घे. चित्र म्हणजे पायरी आणि अक्षर म्हणजे देवळाचा गाभारा, असंच मीही धरून चाललो होतो. यांग यांच्या पुस्तकांनी माझं ते मत बदललं.

त्यांच्यापर्यंत ती आपली आपणच पोचली. 'अवतार: द लास्ट एअरबेंडर' ही टीव्हीवरची कार्टून मालिका तिला तोंडपाठ. मालिका संपते तिथून पुढची गोष्ट कॉमिक्समध्ये आहे हे कळल्यावर तिनं वाचनालयातून ती एकेक करून आणली. २०१२ पासूनच्या पहिल्या पाच कथा, प्रत्येकीचे तीन भाग, सगळं लेखन यांग यांचं. मग एका शनिवारी वाचनालयाच्या कपाटापुढं फरशीवर बसून ती पुस्तकांच्या कण्यावरची नावं वाचत होती आणि एकदम ओरडली, "बाबा, हा तोच माणूस आहे!" तिच्या मांडीवर सुपरमॅनचं एक पुस्तक होतं, बास्केटबॉलचं एक आणि कोडिंगचं एक. तिघांवर एकच नाव. तोपर्यंत तिच्या लेखी पुस्तकं मालिकेची असायची, लेखकाची नसायची. त्या दिवसापासून ती आधी कणा वाचते.

पहिलं पुस्तक कुठलं द्याल, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर 'अमेरिकन बॉर्न चायनीज'. २००६ साली आलं. अमेरिकेच्या नॅशनल बुक अवॉर्डच्या अंतिम यादीत पोचलेलं ते पहिलं ग्राफिक नॉव्हेल आणि किशोरवयीनांच्या पुस्तकांसाठीचा प्रिंट्झ पुरस्कार २००७ साली मिळवणारंही पहिलंच. पुरस्कारांपेक्षा मला दुसरी गोष्ट मोलाची वाटते. ऑकलंडच्या एका शाळेत कॉम्प्युटर सायन्स शिकवत असताना यांग यांनी हे पुस्तक तुकड्यातुकड्यानं काढलं. सुरुवातीची प्रकरणं स्वतः फोटोकॉपी करून, टाचून, हातोहात दिली.

त्यात तीन गोष्टी आलटूनपालटून चालतात. एक माकडराजाची, म्हणजे चीनच्या 'पश्चिमेकडचा प्रवास' या जुन्या महाकथेतल्या वानरवीराची. दुसरी जिन वांग या मुलाची. तो सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमधून नव्या वस्तीतल्या शाळेत येतो. तिसरी डॅनी नावाच्या गोऱ्या मुलाची, ज्याच्याकडे दरवर्षी चीनमधून एक भाऊ येतो आणि त्याची शाळेत शोभा करून जातो. तिन्ही शेवटी कुठं एकत्र येतात हे सांगणार नाही. ते कळल्यावर लेकीनं पुस्तक मिटलं आणि लगेच पहिल्या पानापासून पुन्हा सुरू केलं.

माकडराजाच्या पहिल्या प्रकरणाबद्दल मात्र सविस्तर सांगायलाच हवं. स्वर्गात मेजवानी असते. माकडराजा तिथं जातो आणि पायात जोडे नाहीत म्हणून दारावरचा रखवालदार त्याला आत घेत नाही. सगळे देव हसतात. तो चिडून सगळ्यांना बडवून काढतो आणि आपल्या महालात परततो. तिथं पाऊल टाकताच त्याला पहिल्यांदाच माकडाच्या केसाळ अंगाचा वास जाणवतो. आयुष्यभर तो त्याच वासात राहिलेला असतो. रात्रभर जागा राहून तो वास कसा घालवावा याचा विचार करत बसतो, आणि मग सगळ्या माकडांना जोडे घालायचं फर्मान काढतो.

हे प्रकरण वाचून लेक बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाबा, तिसरीत मी डबा उघडायचे नाही ना, तेव्हा मलाही असाच वास यायचा." तिसरीत वर्षभर तिचा डबा भरलेला परत यायचा. मेथीचं थालीपीठ, लसणाची चटणी, जे देऊ ते तसंच. आम्ही पदार्थ बदलत राहिलो, तिला भूकच लागत नाही म्हणून डॉक्टरांकडेही नेऊन आणलं. खरं कारण चार वर्षांनी, एका माकडाच्या गोष्टीमुळं कळलं. जिनच्याही डब्यातल्या डंपलिंगवरून मुलं त्याला चिडवतात, पण तिला लागलं ते माकडाचं प्रकरण. जिनचं दुःख सरळ सांगितलंय, ते आपल्यासारखंच आहे हे लगेच कळतं. माकडाचं दुःख मात्र वाचणाऱ्याला स्वतः शोधावं लागतं.

आता याच पुस्तकातली अवघड बाजू. डॅनीचा तो भाऊ म्हणजे चिनी माणसाबद्दल अमेरिकेत जेवढे कुचेष्टेचे साचे आहेत तेवढे सगळे एकत्र ओतलेलं पात्र आहे. पिवळी कातडी, पुढं आलेले दात, मोडकं इंग्रजी. टीव्हीवरच्या विनोदी मालिकेसारखं चौकटींच्या तळाशी प्रेक्षकांचं हसू आणि टाळ्या अक्षरांत लिहिलेल्या आहेत. तो हशा वाचणाऱ्याला टोचावा म्हणूनच तिथं आहे. पण मूल एकटं वाचत असेल तर ते सरळ हसूनही मोकळं होईल. ही प्रकरणं मुलाबरोबर बसून वाचा आणि "इथं कोण हसतंय?" एवढंच विचारा. आमच्याकडे त्या प्रश्नावर पाऊण तास गेला. दहा वर्षांच्या मुलाच्या हातात हे पुस्तक एकटं देऊ नका, बाराव्या वर्षी द्या.

याच्यानंतर 'सुपरमॅन स्मॅशेस द क्लॅन' घ्यावं. १९४६ साली अमेरिकेत रेडिओवर सुपरमॅनची एक मालिका लागली होती, त्यात तो कू क्लक्स क्लॅनसारख्या वंशद्वेष्ट्या टोळीशी लढतो. त्या मालिकेवरून यांग यांनी नवी गोष्ट रचली आहे. ली नावाचं चिनी कुटुंब चायनाटाउन सोडून शहराच्या नव्या भागात राहायला येतं आणि टोळी त्यांच्या मागं लागते. भाऊ चटकन सगळ्यांत मिसळतो. बहीण रॉबर्टा बुजरी आहे, आणि गोष्ट तिची आहे. यातला सुपरमॅन सुरुवातीला उडत नाही. धावतो, उड्या मारतो. आपण या पृथ्वीवरचे नाही हे लोकांना कळू नये म्हणून आपली निम्मी ताकद तो स्वतःपासूनही दडवून ठेवतो. माकडराजाचे जोडे आणि सुपरमॅनचं न उडणं, ही एकच गोष्ट आहे हे लेकीनं मला दाखवलं. मी वाचताना माझ्या ते लक्षात आलं नव्हतं.

यातली चित्रं गुरिहिरू या जपानी चित्रकार जोडीची आहेत, 'अवतार'मध्ये ज्यांनी काढली तेच. स्वच्छ रेषा, गोल चेहरे, डोळ्यांत भाव. मुलांना पुस्तक चटकन जवळचं वाटतं. शेवटी यांग यांचा स्वतःच्या लहानपणाबद्दल आणि त्या काळाच्या इतिहासाबद्दल लेख आहे. नुसता मजकूर. तो तिनं कुणी न सांगता वाचला, आणि जेवताना क्लॅनचा इतिहास आम्हाला सांगितला. वाचन-नोंदीवर काट मारणाऱ्या बाईंची मला तेव्हा फार आठवण आली. त्या समोर असत्या तर मी त्यांना जेवायला बसवून घेतलं असतं.

'सीक्रेट कोडर्स'चे सहा भाग आहेत, चित्रं माइक होम्स यांची, रंग फक्त काळा, पांढरा आणि हिरवा. एका विचित्र शाळेत हॉपर आणि एनी या मुलांना चार डोळ्यांचे यंत्रपक्षी सापडतात. मुलांनी आकडा उच्चारला की पक्षी त्यातले काही डोळे उघडतो. नऊ म्हटलं की पहिला आणि शेवटचा. डोळ्यांच्या किमती ओळीनं आठ, चार, दोन, एक, म्हणून आठ आणि एक मिळून नऊ. ही द्विमान (बायनरी) पद्धत, आमच्या कामाची बाराखडी. पान उलटायच्या आधी पुस्तक वाचणाऱ्याला उत्तर काढायला लावतं. पुढं लोगो भाषेत कासवाला चालवायचं असतं: इतकं पुढं जा, इतक्या अंशात वळ, हेच इतक्यांदा कर. वर्षानुवर्षं वर्गात शिकवलेल्या माणसाचा हात इथं दिसतो. मूल कुठं अडेल हे त्याला ठाऊक आहे आणि नेमकं तिथंच तो थांबतो. गोष्ट म्हणून मात्र चौथ्या भागानंतर मजा कमी होते. खलनायकाचे बेत फार ताणलेत. पहिले तीन भाग पुरेत, आणि ते आठव्या-नवव्या वर्षीही चालतील. माझी आई तेव्हा नुकतीच साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आली होती. लेकीनं आजीला चार बोटांवर नऊ करून दाखवला: तर्जनी वर, करंगळी वर, मधली दोन मिटलेली. आजीनं लगेच विचारलं, "मग पंधरा म्हणजे पंजा का?" अंगठा सोडून बाकी सगळी उघडी, म्हणजे बरोबरच की.

'बॉक्सर्स' आणि 'सेंट्स' ही २०१३ ची जोडी मला सगळ्यांत मोठी वाटते आणि तीच मी लेकीला अजून पूर्ण दिलेली नाही. चीनमध्ये १९०० च्या सुमारास परकीयांविरुद्ध आणि ख्रिस्ती झालेल्या चिनी लोकांविरुद्ध जो उठाव झाला, त्याच्या दोन बाजू दोन पुस्तकांत आहेत. पहिल्यात बाओ हा खेड्यातला मुलगा. जत्रेतल्या संगीत नाटकांतले देव त्याच्या अंगात येतात, त्या पानांवर रंगांची उधळण. दुसऱ्यात कुणालाच नको असलेली एक मुलगी ख्रिस्ती होते. ती पानं मातकट, जवळजवळ रंगहीन, आणि तिला दिसणारी जोन ऑफ आर्क, फ्रान्सची लढवय्यी संत, तेवढी सोनेरी. बाओ ज्यांना मारायला निघालाय त्यांच्यात ही आहे. बीजिंगच्या हानलिन ग्रंथालयाला आग लागते तो प्रसंग वाचून मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि गच्चीत जाऊन उभा राहिलो. ज्याच्या बाजूनं आपण तीनशे पानं चालत आलो, त्याच्याच हातून हे घडतं. रक्तपात पुष्कळ आहे. चौदाव्या वर्षाच्या आत देऊ नये असं माझं मत. दोन्ही एकत्र, खोक्याच्या संचात मिळतात, तसाच घ्या आणि 'बॉक्सर्स' आधी वाचा. उलटा क्रम केलात तर बाओचं पुढं काय होतं ते आधीच कळेल.

'ड्रॅगन हूप्स' २०२० चं. यांग ज्या शाळेत शिकवत होते तिथल्या बास्केटबॉल संघाचा २०१४-१५ चा हंगाम, सगळा खराखुरा. खेळात काडीचा रस नसलेला शिक्षक गोष्ट शोधत जिममध्ये जातो आणि अडकतो. साडेचारशेच्या आसपास पानं आहेत, जाडी बघून घाबरू नका. मधूनमधून बास्केटबॉलचा इतिहास येतो. १८९१ साली हा खेळ सुरू करणाऱ्या नेस्मिथ यांच्यापासून मुलींचा खेळ उभा करणाऱ्या सेंडा बेरेन्सनपर्यंत. संघात एक पंजाबी शीख मुलगाही आहे, त्याच्या निमित्तानं शिखांचा इतिहास येतो. आमच्या शेजारपाजारची निम्मी मुलं या पुस्तकात आहेत असं वाटतं. लेखक स्वतःही त्यात पात्र आहे. शाळेच्या एका जुन्या प्रशिक्षकाबद्दलची अप्रिय गोष्ट पुस्तकात घ्यावी की गाळावी, असा पेच तो वाचकासमोर पानावरच सोडवत बसतो. खरी माणसं पुस्तकात आणताना लेखकाची जबाबदारी काय असते, हे लेकीला कुणी वर्गात सांगितलं असतं तर तिनं जांभई दिली असती. इथं तिनं माझ्याशी वाद घातला. तिचं म्हणणं, गाळायला हवी होती. माझं म्हणणं, नाही. आमचा वाद अजून मिटलेला नाही.

'द शॅडो हीरो' मजेचं आहे, मुलानं सुपरहीरो व्हावं म्हणून हट्ट धरणारी आई त्यात आहे. चित्रं सनी ल्यू यांची. सापडलं तर घ्या.

यांग २०१६ आणि २०१७ मध्ये अमेरिकेचे बालसाहित्याचे राष्ट्रीय दूत होते. त्या मानाच्या जागेवर आलेले ते पहिले ग्राफिक नॉव्हेलकार. तेव्हा त्यांनी मुलांपुढं तीन गोष्टी ठेवल्या होत्या: आपल्यासारखं न दिसणाऱ्या, न जगणाऱ्या माणसाबद्दलचं पुस्तक वाचा, आपल्याला फारसा माहीत नाही असा विषय वाचा, आणि आपण सहसा वाचत नाही त्या प्रकारचं काहीतरी वाचा. तिसरी अट लेकीनं मला लावली, म्हणून मी ही सगळी पुस्तकं वाचली. दुसरी मी तिला लावली. भारतातलं आणलेलं 'भीमायन' कपाटात होतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यावरचं, दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी काढलेलं. त्यात चौकटी नाहीतच, वळणदार नक्षीनं पान विभागलं जातं. मायेनं बोललेले शब्द पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात, विखारी शब्दांच्या फुग्याला विंचवाची नांगी. "बाबा, फुगाच चावतोय," ती म्हणाली.

त्यात एक प्रवास आहे. लहान भीमराव भावंडांबरोबर साताऱ्याहून आगगाडीनं वडिलांना भेटायला निघतात, मसूर स्टेशनवर उतरतात आणि घ्यायला कुणी आलेलं नसतं. जात कळल्यावर गाडीवान मिळत नाही, मग दुप्पट भाडं देऊन बैलगाडी मिळते आणि वाटेत प्यायला पाणी मिळत नाही. आई शेजारी बसून ऐकत होती. तिचं माहेर कराडकडचं, मसूर तिच्या पायाखालचं. तिनं नातीला सांगितलं की ७ नोव्हेंबर १९०० ला भीमराव ज्या शाळेत दाखल झाले ती शाळा तिनं रोज भाजीला जाताना बघितली आहे. लेकीनं मला विचारलं, "आपल्या गावात असं झालं होतं आणि तू मला चिनी माकडाची गोष्ट आधी दिलीस?" मी तिला खरं सांगितलं. माकडाची गोष्ट वाचली नसती तर तिनं हा प्रश्न विचारला नसता, असं मला वाटतं.

थोडं व्यवहाराचं. फोनवर वाचू नका. वाचनालयाच्या ॲपवर यातली बरीच पुस्तकं मिळतात, पण फोनवर चौकटी सुट्या होऊन येतात आणि आमनेसामनेची दोन पानं एका नजरेत येत नाहीत. टॅब्लेटवर ठीक. कागदी आवृत्तीत 'ड्रॅगन हूप्स'ची फुग्यांतली अक्षरं चाळिशी लागलेल्याला बारीक वाटतील, इतर पुस्तकांत ती अडचण आली नाही. 'अमेरिकन बॉर्न चायनीज'ची आमची कागदी बांधणीची प्रत तीनदा वाचून आणि एकदा दप्तरात दुमडून अजून शाबूत आहे.

ही प्रत विकत घ्यायची वेळ आली ती आईमुळं. माकडराजा बघून ती म्हणाली, "हा आपला मारुतीच की गं." आजीला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून लेकीनं मराठी करायला घेतलं. पिवळ्या स्टिकी नोट्स कात्रीनं फुग्याच्या मापात कापायच्या, त्यावर देवनागरीत संवाद लिहायचा आणि फुग्यावर चिकटवायचा. वाचनालयाच्या प्रतीवर हे करता येईना. कागद गुळगुळीत आहे, नोट काढल्यावर छपाई उखडत नाही. मराठीत वाक्य लांबतं, फुग्यात मावत नाही, मग दोघी मिळून छाटतात. रखवालदार माकडराजाला "तू" म्हणेल की "आपण", यावर एक आख्खी संध्याकाळ गेली. आधी "आपण" म्हणेल आणि हाकलताना "तू"वर येईल, असं आजीनं ठरवलं. ऱ्हस्व-दीर्घ आजी तपासते आणि चुकलेली नोट परत लिहायला लावते.

माकडराजा पाचशे वर्षांसाठी डोंगराखाली गाडला जातो त्या पानावर नोट्स संपल्या. आईचं परतीचं विमान पुढच्या मंगळवारी आहे. काल संध्याकाळी मी आणखी दोन गठ्ठे घेऊन आलो.